चावीच्या घड्याळांची मुंबई

कल्याणहून कर्जतच्या दिशेला निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. एका अंगाला कल्याण पूर्व आणि एसटीचं आगार, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिथेच सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शून्यातून उभ्या राहिलेल्या या भागात जुनी वस्तू दुरुस्त करून वापरायची सवय अजून टिकून आहे. जिन्याखालच्या जागेत डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी इथे आजही भेटतो.

अशाच एकाने माझ्या वडिलांचं ‘एचएमटी जनता’ उघडून दाखवलं. चावी दिली की डबीतली स्प्रिंग आवळते. तिचा जोर चक्रांच्या रांगेतून शेवटच्या दातेरी चाकाकडे जातो आणि तिथे एक बारीक पट्टी त्याला अडवते, सोडते, पुन्हा अडवते. तोच आवाज आपल्याला टिकटिक म्हणून ऐकू येतो. अडवण्या-सोडण्याचा ताल धरतं ते बॅलन्सचं चाक आणि केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. तासाला १८ हजार ठोके, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून १७ माणकं बसवलेली असतात, तीही प्रयोगशाळेत तयार केलेली. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि ही करामत सामान्य पगारदाराच्या मनगटावर आली.

मग लाखोंच्या स्विस घड्याळात वेगळं काय असतं? तत्त्व तेच, फरक हाताच्या कामाचा. तिथे पोलादी पट्टीची प्रत्येक कड कानशीने तिरपी घासून लाकडाच्या काडीने चकाकवतात. दोन कडा आत जिथे मिळतात, तो कोपरा धारदार ठेवणं हाताशिवाय साधत नाही. निळे स्क्रू रंगवलेले नसतात. पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवून तो निळा रंग आणतात, क्षणभर उशीर झाला तर रंग हातचा जातो. यातलं बरंचसं काम तबकडीखाली कायमचं झाकून जातं. मालकाला ते कधी दिसत नाही आणि तरीही केलं जातं. या कलेची किंमत मला तिथे कळते.

विठ्ठलवाडीहून मुंबईकडे निघालेली लोकल कल्याणला येते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. सूर्यावर चालणाऱ्या गावांना मिनिटाचा हिशेब रेल्वेने शिकवला. पण कोणाचं मिनिट? रेल्वे मद्रास वेळेने धावे आणि ती मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ साली सरकारने मद्रास वेळ मुंबईवर लादून पाहिली, पण विरोधापुढे दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबई वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. तरी महापालिकेने जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. एकाच शहरात दोन घड्याळं दोन वेळा दाखवत आणि दोन्ही खरी असत.

ज्या शहरात वेळेचा इतका वाद, तिथे घड्याळाचा बाजार जमणारच. स्वित्झर्लंडची फाव्र-लुबा कंपनी १८६५ मध्येच इथे आली होती. उलट दिशेनेही काही गेलं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, त्यावर उपाय म्हणून १९३१ साली पालथी फिरवता येणारी तबकडी जन्मली. तेच जाजेर-लकूल्त्रचं ‘रिव्हर्सो’.

सीएसएमटीला उतरून फोर्टातून चालत ओव्हल मैदान गाठलं की समोर राजाबाई मनोरा उभा असतो. कापसाच्या व्यापारात अमाप पैसा मिळवलेल्या प्रेमचंद रायचंदांनी २ लाख रुपये दिले आणि आईचं नाव मनोऱ्याला द्यायला सांगितलं. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. १८६९ साली पाया, १८७८ साली पूर्णत्व, उंची २८० फूट. घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांचं. वर पश्चिम भारतातल्या विविध समाजांचे दगडी पुतळे आहेत. त्यांचे नमुने साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. खालून त्यांचे चेहरे धड दिसतही नाहीत. पण पागोट्याची घडी, अंगरख्याची ठेवण त्यांनी सोडली नाही. तबकडीखालची कड घासणारा कारागीर आणि हा मराठी अभियंता एकाच पंथाचे.

मनोऱ्यावर जायला आता परवानगी नाही. २०१५ साली त्याची डागडुजी पूर्ण झाली आणि घड्याळ दर पाव तासाला टोल देतं. महागड्या घड्याळांची दुकानं इथून जवळच आहेत. तिथली कारागिरी एका मनगटासाठी असते. ही साऱ्या शहरासाठी केलेली आणि पाहायला फुकट. एका व्यापाऱ्याच्या संपत्तीचा याहून शोभिवंत उपयोग मला दुसरा आठवत नाही.

म्हणून मुलांना इथे आणावं आणि आत चक्रं कशी चालतात ते समजावून सांगावं. जुनी घड्याळं उघडणारे हात आता थोडे उरलेत. हे काम शिकायला नवी मुलं आली नाहीत, तर मनगटावरची आणि मनोऱ्यावरचीही यंत्रं शोभेपुरती राहतील. घड्याळ चालतं ठेवायचं तर चावी देणारा, तेल घालणारा, चाकांचे दात तपासणारा माणूस लागतो. त्याला काम देणं आणि त्याच्या कामाचे पुरते पैसे मोजणं, हीच या कलेची खरी जपणूक.