माहेरचं उपासना-संगीत

नगरच्या आमच्या घरात बायबल एकच होतं, ‘उपासना-संगीत’ मात्र माणशी एक. रविवारी बाहेर पडताना आई एवढंच विचारायची, पुस्तक घेतलंस का? पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला की पानांची फडफड सुरू व्हायची आणि पेटीवाल्यानं सूर धरायच्या आत पान सापडवायला लागायचं. म्हाताऱ्या बायका पुस्तक उघडायच्याही नाहीत. आकडा ऐकला की पद त्यांच्या ओठावर. रेव्हरंड टिळकांची पदं त्यात जागोजाग, कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांचीही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, पण त्या गोऱ्या साहेबांपैकी एकाचंही नाव माझ्या आजीला सांगता येत नसे. टिळकांबद्दल मात्र ती घरच्या माणसाबद्दल बोलावं तशी बोलायची.

ते पुस्तक बॅगेत घालून मी वसईला सासरी आले. सासर कॅथलिक, केळीच्या वाडीतलं, आपसांत कादोडी बोलणारं.

‘दोघंही ख्रिस्तीच ना, मग अडचण कसली?’ माझ्या हिंदू मैत्रिणींना खरंच कळत नव्हतं. अडचण होती. माझ्या काकांच्या लेखी कॅथलिक म्हणजे पुतळ्यांपुढे मेणबत्त्या लावणारे. नवऱ्याच्या आत्यांच्या लेखी आम्ही म्हणजे मरियामातेला न मानणारे. माहिती दोन्हीकडे अर्धी, मतं मात्र पुरी.

लग्नाला बिशपांची परवानगी लागली. वसई तेव्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात होती. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९८ साली. पूर्वी अशा लग्नात माझ्यासारखीलाही लेखी वचन द्यावं लागे. पोप पॉल सहावे यांनी १९७० साली ते काढून टाकलं. आता वचन देतो तो कॅथलिक जोडीदार: मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा, संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं यासाठी माझ्या परीनं सगळं करीन. दुसऱ्याला त्याची कल्पना द्यायची, एवढंच. नवऱ्यानं सही केली, मला मजकूर वाचून दाखवला. माझा बाप्तिस्मा पुन्हा करायचा प्रश्नच नव्हता. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. माझ्या वडिलांना या सगळ्याचं नवल वाटलं नाही. त्याच १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं होतं आणि वडिलांचं चर्च त्यात होतं. ‘आपण तरी कुठे एकाच घरचे?’ असं ते म्हणाले आणि विषय संपला.

कागद सोपे होते. रविवार अवघड होते.

मिस्साला मी सवयीनं पुस्तक काखेत घेऊन जायची आणि ते तसंच मिटलेलं परत यायचं. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, हे शेजारणीकडे बघून चालायचं. प्रभूची प्रार्थना तेवढी पाठ होती; पण राज्य, सामर्थ्य आणि गौरवाचं शेवटचं वाक्य आम्ही एका दमात म्हणतो, आणि इथे सगळे त्याच्या आधीच थांबत. माझी जीभ पुढे जायला बघायची. मग फादर एक छोटी प्रार्थना म्हणायचे आणि तेच वाक्य सगळं चर्च मिळून म्हणायचं. बऱ्याच बाबतीत दोघांमधलं अंतर एवढंच आहे, असं माझं मत झालंय.

पण सगळ्या बाबतीत नाही. ख्रिस्तशरीर घ्यायला रांग लागते तेव्हा मी बाकावरच राहते, पाय बाजूला घेऊन लोकांना वाट देते. नगरला गेलो की उलट. आमचे पाळक नवऱ्याला प्रभुभोजनाला प्रेमानं बोलावतात, पण त्याच्या चर्चचा नियम त्याला ते घेऊ देत नाही. मी पुढे जाते, तो बसून राहतो. यामागचं धर्मशास्त्र मला समजावून सांगितलं गेलंय, तेही सौजन्यानं. घरी एका ताटात जेवणाऱ्या नवरा-बायकोनं प्रभूच्या मेजाशी वेगळं व्हावं, हे मला पटलेलं नाही आणि पटल्याचं सोंगही मी आणत नाही.

मग एखादं तिसरंच चर्च शोधा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. शोधलं. मुंबईतल्या एका हॉलमध्ये काही महिने गेलो. ड्रम, गिटार, पडद्यावर हिंदी-इंग्रजी गाणी. माणसं अतिशय मायाळू. पण तिथे आम्ही दोघंही पाहुणे होतो. दोघांनी सारखंच सोडायचं म्हणजे न्याय झाला, हा हिशेब आम्हाला जमला नाही. परत आलो आणि ठरवलं, दोन्हीकडे जायचं. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन मुंबईतल्या मराठी चर्चमध्ये क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं, आणि संध्याकाळी वसईत क्रूसाची वाट. त्या दिवशी पाय दुखतात, तक्रार दोघंही करतो.

पुस्तकाला वाट करून दिली ती सासूबाईंनी. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. अर्थ न कळता त्यांनी उत्तरं पाठ केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतरच्या काळात, मिस्सा मराठीत आली. म्हणून की काय, मराठी गाण्याची त्यांना भारी हौस. मी स्वयंपाकघरात टिळकांचं पद गुणगुणत असताना त्या मोगरा ओवायच्या थांबल्या. ‘हे तर अभंगासारखं आहे गं. कुठलं?’ मी पुस्तक दाखवलं. ऑक्टोबरात घरी रोज रोजरी होते. त्या महिन्यात एका रात्री जपमाळ संपल्यावर त्यांनी मला आकडा सांगितला, अगदी आमच्या पाळकसाहेबांसारखा! चष्मा न लावता. पुढे चर्चच्या गायनमंडळातल्या पुतण्यानं पुस्तक मागून नेलं. परत मिळायला बरेच महिने लागले आणि आलं ते पेन्सिलच्या खुणांसकट.

मुलीचा बाप्तिस्मा वचनाप्रमाणे वसईत झाला. घरात बायबलं दोन आहेत, माझं ६६ पुस्तकांचं, त्यांचं ७३ पुस्तकांचं. ती दोन्ही वाचते आणि गाते मात्र माझ्या पुस्तकातलं.

तुमच्या घरात असं स्थळ आलं असेल तर ‘देव एकच’ म्हणून विषय मिटवू नका. साखरपुड्याआधीच दोन गोष्टी मोकळेपणानं विचारून घ्या: मुलांचा बाप्तिस्मा कुठे करायचा आणि आपल्याला पुरायचं कुठे. पहिलीचा निकाल आमच्याकडे कागदावरच लागला होता. दुसरीवर नवरा म्हणतो वसई, मी म्हणते नगर, आणि वाद अजून चालू आहे.