शेवटचं अंडं माझं

आमच्या घरात दोन तवे. एक भाकरीचा, त्याला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही, ही मायची शिस्त. दुसरा धिरडी-धपाट्यांचा, तेल पिऊन पिऊन काळा कुळकुळीत झालेला. गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी या दुसऱ्या तव्यावर मी अमेरिकी पद्धतीचा भरपेट नाश्ता करते. बटाट्याच्या किसाची खरपूस चकती, म्हणजे हॅश ब्राउन, त्यासोबत पॅनकेक, अंडी आणि लोणी लावून भाजलेला पाव. केचपच्या जागी हिरव्या मिरचीचा ठेचा.

हे मी शिकले ते मुलाकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा. एका डायनरमध्ये, म्हणजे तिकडच्या साध्या खाणावळीत, आम्हाला टेबल मिळालं नाही म्हणून काउंटरपाशी उंच स्टुलावर बसलो. समोरच आचारी. त्याच्यापुढे बाजेएवढा सपाट लोखंडी पत्रा तापलेला. कडेला बटाटे परतून ठेवलेले, मधे पॅनकेक, आणि अंडं मात्र अगदी शेवटी, बशी हातात घ्यायच्या बेतात असताना. बशीत चार जिन्नस आले आणि चारहीतून वाफ निघत होती. जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला त्या वाफेचं मोल कळतं. चव मी तिखटमिठाने सांभाळू शकते. चार जिन्नस एका क्षणी तयार करणं, ही वेगळी विद्या.

डायनरची सुरुवात श्रमाच्या भुकेतून झाली. 1872 साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्री खाणं विकू लागला. गिऱ्हाईक म्हणजे रात्रपाळीचे कामगार, छापखान्यातली माणसं. पुढे त्या गाड्यांची चाकं थांबली आणि डायनर झाले. आमच्याकडे हळद काढायच्या, शिजवायच्या दिवसांत पहाटे चूल पेटायची, ती याच भुकेसाठी. आमच्या भागातल्या वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला आठवली ती अंधारात शेताकडे निघालेल्या माणसांची न्याहारी: ज्वारीची भाकरी, घट्ट पिठलं, कांदा. माणूस राबायला निघण्याआधी त्याच्या पोटात गरम घास पडला पाहिजे, हे त्या घोडागाडीलाही ठाऊक होतं आणि मायच्या चुलीलाही.

आता तव्याकडे येते. बटाट्यात पाणी फार. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर ते अंग 100 अंशांच्या वर तापत नाही, आणि खरपूस तांबूसपणा यायला 140 अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणून सगळी मेहनत पाणी काढण्याची. बटाटे किसून किस गार पाण्यात पडू द्यायचा, मग जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधून पिळायचा. एकदा पिळून भागत नाही. मूठ बदलून, पुरचुंडी फिरवून पुन्हा पिळायचा, फडक्यातून एक थेंब पडेनासा होईपर्यंत. तोवर भांड्यातलं पाणी निवळतं आणि तळाशी पांढरीशुभ्र खळ बसते. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून ती खळ खरवडून किसात परत घालायची. चकती तीच धरून ठेवते. मीठ मात्र तव्यावर टाकतानाच, कारण मीठ लागलं की बटाटा पुन्हा पाणी सोडतो.

चकती थापली की हात मागे घ्यायचा. सुरुवातीला मला हेच जमत नव्हतं. दोन मिनिटांत उलथणं खाली सारायचे, आणि निम्मा किस तव्यालाच राहायचा. खरपूस झालेला थर तवा आपणहून सोडतो. कडा तांबूस दिसेपर्यंत, चांगली सात-आठ मिनिटं, मध्यम आचेवर झाकण न घालता थांबायचं.

पॅनकेकने मला ज्वारीचं पीठ नव्याने समजावलं. ज्वारीला चिकटपणा नाही. म्हणून भाकरीला कढत पाणी लागतं, आणि परातीत पीठ तळव्याने रगडून रगडून मळावं लागतं. मैद्याचं उलट. त्याला जितकं घोटावं तितका तो चिवट होतो. म्हणून पॅनकेकचं पीठ जेमतेम कालवायचं, चार गुठळ्या राहिल्या तरी राहू द्यायच्या. तिकडे त्यात जे बटरमिल्क घालतात ते दाट आणि आंबट असतं. आपलं ताक त्यामानाने पातळ. मी आंबटसर दहीच घुसळून घेते. त्या आंबटपणाशी खायचा सोडा भिडला की पीठ फुलतं, आणि ते फुललेलं असतानाच तव्यावर पडलं पाहिजे. वरचे बुडबुडे फुटून भोकं तशीच उघडी राहिली की उलटायचं, आणि एकदाच.

वर मेपल सिरप नाही, गुऱ्हाळाची काकवी. मेपलच्या झाडाचा सुमारे 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर सिरप हाती येतं. काकवीही उसाच्या रसाला कढईत तासन्‌तास आटवूनच होते. दोन्हीकडे कुणीतरी आचेपाशी बसून राहिलेलं असतं, म्हणून मला काकवी इथे उसनी वाटत नाही. ती या पॅनकेकची हक्काची सोबतीण आहे.

हे सगळं एकदम बशीत यायचं तर हिशेब शेवटाकडून मांडावा लागतो. अंड्याला दोन मिनिटं, पॅनकेकला तीन, पाव त्यांच्यासोबत शेजारच्या शेगडीवर, बटाट्याला पंधरा. म्हणजे बटाटा सर्वांत आधी. तो उलटला की पॅनकेक, आणि माणसं पाटावर बसली की अंडी. कडेला चार थेंब पाण्याचे टाकून झाकण ठेवायचं. वाफेने वरचा पांढरा पडदा धरतो आणि बलक मऊ राहतो.

मायने असा हिशेब स्वतःसाठी कधी मांडला नाही. “तुमी जेवून घ्या, मी बसते मागून,” एवढंच ती म्हणायची. सगळे उठल्यावर चुलीपुढेच बसून ती भाकरी खायची, गार झालेली, पिठल्याच्या खरवडीसोबत. तिच्या हातची गरम भाकरी गावाने खाल्ली. तिने स्वतः किती वेळा खाल्ली असेल, हे आठवायला गेले की माझा घास अडतो.

म्हणून रविवारी तव्यावर एक अंडं जास्त पडतं. घरातल्यांच्या बशा भरल्या की शेगडी बंद करते. जड लोखंडात आच उरलेली असते, तिच्यावर ते शेवटचं अंडं होतं. ते बशीत घेऊन मी सगळ्यांच्या पंगतीत बसते. बलक फोडते तेव्हा त्यातून वाफ निघत असते.