अर्थ लागला

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण ज्यानं केली, त्यानं दोन्ही उद्योग केले असणार यात शंका नाही. पण घर बांधून झाल्यावर अंगणातला एक खड्डाही पाहावा खणून, हे सांगायचं तो विसरला. बहुधा त्याच्या काळी वीज नसावी. आमच्या काळी ती आहे, आणि तिच्याबरोबर गृहकर्जही आहे.

मी बँकेतला कारकून. शिक्षण बी. कॉम. विजेशी माझा संबंध म्हणजे महिन्याचं बिल भरणं आणि ते जास्त आलं की घरातल्यांवर ओरडणं, एवढाच. तरी साताऱ्याबाहेर दोन गुंठ्यांत घर बांधायला काढलं तेव्हा मी प्रत्येक गोष्टीत लक्ष घातलं. सिमेंटची पोती मोजली, सळ्या मोजल्या, वाळूच्या ढिगावर चढून त्याची उंचीही मोजली. फरशीच्या रंगावर आम्ही उभयतांनी तीन रविवार वाद घातला. ओटा काळा की हिरवा यावर आईनं जेवण सोडायची धमकी दिली. या धामधुमीत ठेकेदारानं चिठोऱ्यावर लिहून दिलेल्या यादीत एक ओळ होती : 'अर्थिंग – प्लेट, कोळसा, मीठ, मजुरीसह.' मी रक्कम पाहिली, खालची बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. आणि बेरीज बरोबर असली की बी. कॉम. माणसाला सगळं जग बरोबर वाटतं.

फक्त मीठ पाहून जरा चमकलो. "काय हो, घराची दृष्ट काढायची आहे का?" असं मी विचारलंसुद्धा.

"तसं नव्हं साहेब. जमिनीत ओल धरून ठेवतं ते. तुम्ही रोज तांब्याभर पाणी घालत जावा."

अंगणाच्या कोपऱ्यात विटांचा एक चौकोन झाला, त्यातून नळीचं तोंड वर आलं, त्यावर लोखंडी झाकण बसलं. मार्गशीर्षात वास्तुशांत झाली आणि पाण्याचं काम आईनं मनावर घेतलं. सकाळी आधी तुळशीला एक तांब्या, मग अर्थिंगला एक तांब्या. संक्रांतीला तिनं झाकणावर हळदकुंकूही वाहिलं. मी हसलो, तर म्हणाली, "हस बाबा. पण घर राखणाऱ्याला विसरू नये."

घर राखणारा जागेवर आहे की नाही, याची चौकशी मात्र आमच्यापैकी कुणीच केली नाही.

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी येतात. नव्या घरात कपडे धुण्याचं मशीन आलं तसं त्यांचं काम हलकं झालं, असं आम्ही समजत होतो. आठवड्याभरात त्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "वैनी, मशीन चावतंया."

सौभाग्यवतींनी जाऊन हात लावला. काही नाही. आईनं लावला. काही नाही. मी संध्याकाळी आल्यावर हात लावला, गृहस्वामीच्या रुबाबात दोनदा थोपटलंही. काही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तेव्हा मी म्हणालो, "मावशी, मशीनला दात असतात का?"

हा विनोद मला इतका आवडला की दुसऱ्या दिवशी बँकेत चहाच्या वेळी मी तो सांगितला. कॅशियर हसले. साहेबही हसले. आमचे साहेब मार्च महिन्यात सहसा हसत नाहीत, यावरून विनोदाची प्रत लक्षात यावी. नवीन यंत्र आलं की कामवाल्यांना नको असतं, असा एक निष्कर्षही आम्ही सर्वांनी मिळून काढला. बँकेत असे निष्कर्ष फार लवकर निघतात. कर्जाची प्रकरणं तेवढी निघत नाहीत.

मावशी बिचाऱ्या गप्प बसल्या. मशीनला हात लावायच्या आधी पदर हाताला गुंडाळायला लागल्या.

आमच्या शेजारी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा विषय शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर राहतात. एका रविवारी ते घर बघायला आले. चहा घेताना मी त्यांना दाताचा विनोद ऐकवला. मास्तर हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मशीन कुठं आहे?"

खिशातून पेनासारखा टेस्टर निघाला. मास्तरांनी तो मशीनच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा लागला.

"तुमच्या पायांत काय आहे?"

"स्लिपर."

"वहिनींच्या?"

"स्लिपर."

"आईंच्या?"

"टाचा दुखतात म्हणून तिच्याही."

"आणि मावशींच्या?"

मावशींच्या चपला दाराबाहेर होत्या. कामाला येणाऱ्यानं चपला बाहेर काढायच्या, ही आमच्या घरची रीत. ती जुन्या घरातून नव्या घरात आणायला आम्ही विसरलो नव्हतो. मावशी तीन महिने ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून खरं सांगत होत्या, आणि आम्ही तिघं रबरावर उभे राहून त्यांना खोटं पाडत होतो.

मास्तरांनी आधी गीझरचं बटण बंद केलं आणि मग मला शिकवायला घेतलं. मशीनच्या आत विजेतली खरखर गाळणारा एक छोटा फिल्टर असतो. त्यातून थोडी वीज पत्र्याकडे येतच असते. हिरवी वायर असली की ती गुपचूप जमिनीत जाते. नसली की पत्र्यावर बसून कुणाच्या तरी हाताची वाट बघते. "एवढ्यानं नुसत्या झिणझिण्या येतात," मास्तर म्हणाले, "पण उद्या आतली वायर घासून पत्र्याला लागली किंवा गीझरचं कॉइल फुटलं, तर त्याच पत्र्यावर २३० व्होल्ट."

"पण एमसीबी आहेत ना!" मी म्हणालो. सहा-सात एमसीबींचे पैसे मी स्वतः मोजून दिले होते.

"एमसीबी वायरला राखतो, माणसाला नाही. तुमचा १६ अँपिअरला पडणारा आहे. माणसाचं हृदय बंद पडायला अँपिअरचा दहावा हिस्सा पुरतो. तेवढा प्रवाह एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो."

मग मीटरशेजारची पेटी उघडली. आत हिरव्या वायरी मुलीच्या वेणीसारख्या नीट बांधलेल्या. प्रत्येक खोलीतून एकेक आलेली. सगळ्यांची मिळून एक जाड वायर भिंतीत शिरलेली. पाहून मला बरं वाटलं. मास्तर म्हणाले, "चला, खड्डा बघू."

आईनं हळदकुंकवासकट झाकण बाजूला केलं. मास्तरांनी नळीला हात घातला आणि गाजर उपटावं तशी ती उपटली. नळी वीतभर. खाली विटांचे तुकडे. प्लेट नाही, कोळसा नाही, मीठ तर नाहीच. भिंतीतून आलेली जाड वायर फरशीखाली दोन हात येऊन, जणू कंटाळून, तिथंच संपलेली.

आई तांब्या हातात धरून उभी होती. "म्हणजे तीन महिने मी पाणी कशाला घातलं?" तिनं विचारलं.

मी काय सांगणार! बँकेत तारण ठेवलेला माल तपासायला जातो तेव्हा बाहेरचं पोतं बघून सही करायची नाही, थप्पीतलं आतलं पोतं काढायला लावायचं, असं मी नव्या पोरांना पोटतिडकीनं शिकवतो. आणि स्वतःच्या घराचा व्हाउचर मी बाहेरचं झाकण बघून पास केला होता.

ठेकेदाराला फोन लावला. त्यानं नाकारलं नाही. "साहेब, तिथं खाली पाषाण लागला. म्हटलं, राहू दे. लाइटी लागल्यात की सगळ्या!"

खरी गोम इथंच आहे. लाइटी लागतात. अर्थिंग नसलं तरी पंखा फिरतो, मशीन धुतं, पाणी तापतं. नळ गळला तर दिसतं, छत गळलं तर डोक्यावर पडतं. हिरवी वायर तुटली तर काहीच होत नाही. आणि होतं तेव्हा बघायला उशीर झालेला असतो. पुढं तो असंही म्हणाला, "गिऱ्हाईक टाइलीवरनं भांडतं साहेब, अर्थिंगवरनं आजवर कुणी भांडलं न्हाई." मला तीन रविवार आठवले आणि मी फोन ठेवला.

दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीपासून दीड मीटर सोडून, नवा खड्डा घेतला. मुरूम कठीण, दोन गड्यांना दोन दिवस लागले. मी दोन्ही दिवस रजा टाकून खड्ड्याच्या काठावर बसलो. अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटर जाडीचा जस्ताचा पाइप माझ्या डोळ्यांदेखत उतरला. कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. मास्तर म्हणाले, मीठ ओल धरतं, पण हळूहळू पाइपही खातं. म्हणून दर वर्षी उन्हाळ्यात, माती सुकलेली असताना, मोजून बघायचं. त्यांनी जमिनीत दोन खुंट्या ठोकून मीटर फिरवला. आकडा आला ३.८ ओहम. मास्तरांनी पाचच्या खाली मागितला होता. परीक्षेत कमी गुण मिळाल्याचा आनंद मला प्रथमच झाला.

"पाया घालतानाच मला हाक मारली असती तर एवढं खणावं लागलं नसतं," ते म्हणाले. काँक्रीट ओल धरतं आणि वीज बऱ्यापैकी वाहून नेतं. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, हर्बर्ट उफर या अमेरिकन इंजिनिअरनं अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या जमिनीत दारूगोळ्याच्या कोठारांना पायातल्या सळ्यांचंच अर्थिंग दिलं. सिमेंट ओतण्याआधी सळ्यांना एक पट्टी जोडून बाहेर काढली की झालं. मी सळ्या मोजल्या होत्या. त्यांचा हाही उपयोग असतो हे मला ठाऊक नव्हतं.

मग न्हाणीघर. सौर बंबाचा लोखंडी पाइप, खिडकीचं गज, सगळं हिरव्या वायरनं एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलं. याला बाँडिंग म्हणतात. वीज वाहते ती दोन ठिकाणांत फरक असला तर. तारेवरचा पक्षी मरत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच पातळीवर असतात. हे मला लगेच पटलं. आमच्या शाखेतही एका ग्रेडच्या दोघांत कधी ठिणगी पडत नाही. एकाला बढती मिळाली की पडते.

शेवटी पेटीत आरसीसीबी बसला. जमिनीवाटे परतणारा प्रवाह एमसीबी पाडण्याइतका दर वेळी मोठा नसतो, म्हणून हा लागतो. मास्तर समजावू लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. त्या दिवशी मला एकट्याला समजलेली ही एकच गोष्ट. एका वायरनं गेलं तेवढं दुसऱ्या वायरनं परत आलं पाहिजे. नावे आणि जमा. आमच्या कॅशियरला शंभर रुपये कमी पडले तर तो आधी टेबलाखाली बघतो, मग चहा मागवतो. हा गडी ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की सेकंदाच्या तीन दशांशांत शाखाच बंद करतो. असा एक कर्मचारी बँकेला मिळाला तर सस्पेन्स खातं उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी बँकेत उशिरा येतो म्हणून कळवलं होतं. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. मास्तरांनी मीटरही लावून मान डोलावली. मग मी स्लिपर काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो आणि मशीनवर पुरा पंजा ठेवला.

"अहो!" सौभाग्यवती दारातून ओरडल्या. काही झालं नाही.

मावशींनी पदर सोडवला आणि एक बोट लावलं. मग हात ठेवला.

"मावशी," मी म्हणालो, "तुमचंच खरं होतं. चुकलं आमचं."

मावशींनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दात पडलं वाटतं."

हा विनोद माझ्यापेक्षा चांगला होता. पण बँकेत मी तो कुणाला सांगितलेला नाही.

आई अजून रोज एक तांब्या तुळशीला आणि एक तांब्या खड्ड्याला घालते. आणि मावशींची नवी रबरी चप्पल मशीनजवळ, घरात, असते.