म्हातारी आणि काळ

चि. सोनूस,


फिलाडेल्फियाच्या घंटेसमोरचा फोटो मिळाला. धाकट्याचे पुढचे दोन्ही दात पडलेले दिसतात. पण त्याच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तू लिहून दिलेलं उत्तर वाचलं आणि माझी दुपारची झोप गेली. ‘इंग्रजांनी चहा महाग केला म्हणून अमेरिका स्वतंत्र झाली.’ अगं, चहा स्वस्त होणार होता! मास्तरांची भाची तू, निदान विचारायचंस तरी.

आपल्याला पुरती ओळखीची ती ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा कर्जात बुडाली होती आणि लंडनच्या वखारींत तिचा चहा पडून होता. 1773 च्या कायद्याने तिला तो थेट वसाहतींत विकायची सवलत मिळाली. पौंडामागे तीन पेन्सचा कर धरूनही भाव उतरणार होता. तरी 16 डिसेंबरच्या रात्री बॉस्टनकरांनी 342 पेट्या बंदरात रिकाम्या केल्या. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एक माणूस नाही, तिने आपल्या खिशात हात का घालावा? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आजी दर पावसाळ्यात हे कुणाला ऐकवायची, ते तुला माहीत आहेच.

दुसरं, ‘4 जुलै 1776 रोजी देश तयार झाला’ हे वाक्य आधी खोड. त्या दिवशी तेरा वसाहतींनी वेगळी चूल मांडल्याचं जाहीर केलं, एवढंच. लढाई 1783 च्या तहापर्यंत चालली. यॉर्कटाउनला शरण आलेला तो कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याची कबर गाझीपूरला आहे, हे धाकट्याला जरूर सांग.

खरी पंचाईत पुढेच. तेरा घरं, तेरा कारभारी आणि मध्यवर्ती सरकारला कर बसवायची मुभाच नाही! युद्धाचं कर्ज फेडायचं कशातून? आयात मालावर पाच टक्के जकात घेऊ म्हटलं, तर सगळ्यांची संमती हवी. 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि बेत बारगळला. आपल्या वाड्याच्या वाटणीत तांब्याच्या बंबावरून जे झालं, तेच. 1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा कुठे कारभाऱ्यांचे डोळे उघडले.

मग 1787 चा उन्हाळाभर तुझ्याच फिलाडेल्फियात 55 जण खिडक्या लावून भांडत बसले. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहानांना बरोबरी. म्हणून एका सभागृहात हे, दुसऱ्यात ते. गुलामांना मत नाही, पण मालकांच्या राज्याच्या जागा वाढाव्यात म्हणून त्यांची गणती मात्र तीन पंचमांश! गुलामांच्या व्यापाराला 1808 पर्यंत हात लावायचा नाही, हेही ठरलं. तो हिशेब नातवंडांच्या नावावर टाकला गेला आणि 1861 पासून चार वर्षं रक्ताने फेडावा लागला. हे मला फार छळतं, सोनू. वेगळं होताना माणसं एकदिलाने ओरडतात. पुढचा हिशेब नीट लिहायला कुणी बसत नाही.

सात वर्षं तिथे राहतेस आणि त्या घंटेपासून रस्ता ओलांडून, हे सगळे भांडले त्या सभागृहात गेली नाहीस? वॉशिंग्टन बसायचा ती खुर्ची तिथे आहे. पाठीच्या माथ्यावर अर्धा सूर्य कोरलाय. राज्यघटनेवर 39 जणांच्या सह्या होत असताना 81 वर्षांचा फ्रँकलिन म्हणाला, हा उगवतोय की मावळतोय ते इतके दिवस कळेना. आता कळलं, उगवतोय. धाकट्याला ती खुर्ची दाखव.

आणि आता रागावू नकोस. दादाच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलेलं नाहीस. आपल्या घरातलं ऱ्होड आयलंड तूच. तेही बैठकीला गेलंच नव्हतं, सगळ्यांत शेवटी, 1790 मध्ये, 34 विरुद्ध 32 मतांनी एकदाचं आत आलं. बंब माझ्याकडे आहे, दोघं मिळून घेऊन जा. दादाला फोन कर.

तुझा,
मामा