पुनर्नोंदणी

आमच्या इंदूरच्या घरी एक स्कूटर आहे. अण्णांनी ती डिसेंबर २००० मध्ये घेतली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुढच्या बाजूस उभा राहून मी तिच्यावरून राजवाडा पाहिला, सराफ्यातली खाऊगल्ली पाहिली. आता गुडघ्यांमुळे अण्णांना तिच्यावर बसता येत नाही आणि मोतीबिंदूमुळे वर्तमानपत्रही सुटले आहे; परंतु दर रविवारी ते तिला पुसतात. किक मारण्याचे काम माझे. इंजिन सुरू झाले की त्यांची मुद्रा अशी काही प्रसन्न होते, की त्या धुराबद्दल बोलण्याचे धैर्य मला होत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२० मध्ये मी त्यासाठी ३०० रुपये भरले होते. एप्रिल २०२२ पासून त्याचे १००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील दुचाकीस २०००. भंगारवाला तिचे दीड हजार देत होता! अण्णांनी आधीच बजावले होते, ''हजाराच्या वर मागितले तर देऊन टाक तिला.''

त्याच आठवड्यात महापालिकेची मागणी आली. संपत्तिकर, जलकर, कचरा शुल्क. आमच्या वसाहतीचा झोन बदलला होता म्हणे. घर मात्र जागचे हलले नव्हते.

वाहन तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक दूधवाला होता. त्याची मोटारसायकल माझ्या स्कूटरहून थकलेली. जुनी वाहने रस्त्यावरून जावीत हा सरकारचा हेतू, आणि तो वाईट नाही, असे कुणीसे म्हणाले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, की नवी घेता आली असती तर ही हौसेने ठेवली असती का? मग साऱ्या रांगेला कंठ फुटला. खड्डे निघाले, पाणीपट्टी निघाली. सूर्य पृथ्वीचे पाणी शोषतो ते सहस्रपटीने परत देण्यासाठी, तसा दिलीप राजा कर घेई, असे कालिदासाने 'रघुवंशा'त सांगितले आहे. ते मला आठवले. पण त्या रांगेत सांगण्याची ती गोष्ट नव्हती.

मी गळ्यातले ओळखपत्र हळूच खिशात सारले. मी केंद्र सरकारचा कारकून. आमच्या खात्याचा वाहनांशी संबंध नाही, तरी परिपत्रकांची भाषा एकच. आमच्याकडे शुल्क कधी वाढत नाही. हिंदीत ते 'संशोधित' होते, मराठीत 'सुधारित'. बारा वर्षांत हा शब्द मी किती वेळा टंकित केला असेल! प्रत्येक वेळी तो मला निरुपद्रवी वाटला होता. दूधवाल्याने धोतराच्या कनवटीतून नोटा काढल्या, मोजल्या, आणि पुन्हा मोजल्या. ऑनलाइन भरणा त्याचा मुलगा करणार होता. त्याला द्यावयाचे पैसे पुरतात की नाही, एवढेच तो पाहत होता.

घरी आलो तेव्हा अण्णा ओटीवर बसले होते.

''किती भरलेस?''

''तीनशे.''

''अजून तेवढेच?'' ते समाधानाने म्हणाले. ''बघ, लोक उगाच ओरडतात.''

पावती मी कार्यालयातील खणात ठेवली आहे.