वळचणीचे पाणी

साहित्याच्या वर्गात 'शैली' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यामागे एक विशिष्ट जागा गृहीत धरलेली असते, याचे भान राहत नाही. उतारा समोर ठेवून लेखकाची शैली सांगा असा प्रश्न आपण घालतो, तेव्हा विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही त्या शैलीच्या बाहेर उभे असतात. ती दिसते कशी, इतरांहून वेगळी कशी, याची चर्चा होते. त्या शैलीच्या आत बसून कुणाला तरी वाट काढायची असते, हा मुद्दा सहसा निघत नाही. माझ्यासमोर तो निघाला एका अगदी किरकोळ वस्तूच्या निमित्ताने. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून गाडीच्या खिडकीच्या वरच्या कडेला प्लास्टिकची एक बाकदार पट्टी लावतात. दुकानदार तिला डोअर व्हायझर म्हणतात, काही जण रेन गार्ड म्हणतात. माझ्या धाकट्या भावाच्या बोलेरो पिकअपसाठी ती निवडायची होती, आणि तिच्या किती तऱ्हा असू शकतात याची मला कल्पना नव्हती.

आमचे घर आजरा तालुक्यात. भाऊ या भागातला भाजीपाला पिकअपमध्ये भरून आंबोली घाटाने सावंतवाडीला पोचवतो. पहाटे तीनला घर सोडायचे, उजाडायच्या आत घाट उतरायचा, असा त्याचा क्रम. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी आमच्या गावाकडे वाहत येते आणि भाऊ रोज तिच्या उलट्या दिशेने जातो. आंबोलीचा पाऊस महाराष्ट्राला ठाऊक आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस जिथे पडतो, तिथे 'पावसात गाडी चालवणे' या शब्दांचा अर्थच निराळा होतो. पाऊस वरून येतो, दरीतून वर येतो, आणि पाऊस नसतो तेव्हा धुके असते.

त्याच्या गाडीत एसी नाही. काचा पूर्ण लावल्या की त्याच्या आणि शेजारच्या क्लीनरच्या श्वासातली वाफ समोरच्या थंड काचेवर धरते, आणि एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात फडके अशी अवस्था होते. पण मला अधिक काळजीची वाटली ती दुसरी गोष्ट. काच लावली की कानही बंद होतो. उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हा घाटाचा नियम आहे; पण थांबण्यासाठी समोरून कुणी येत आहे हे आधी कळावे लागते, आणि धुक्यात ते डोळ्यांना कळण्यापूर्वी कानांना कळते. गेल्या पावसाळ्यात एका वळणावर काचा बंद असल्यामुळे वर येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्याला ऐकू आला नाही. ऐन वेळी त्याने गाडी डाव्या बाजूला दाबली आणि डावीकडचा आरसा खडकाला घासून फुटला. निभावले ते आरशावरच. तेव्हापासून आई पहाटे तीनला त्याच्याबरोबर उठते ती दाणोलीहून त्याचा फोन येईपर्यंत पुन्हा आडवी होत नाही. तेव्हा खिडकी दोन बोटे उघडी ठेवता येणे ही आमच्या घरात हौसेची बाब उरलेली नव्हती.

'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही' असे आपण म्हणतो. धावत्या गाडीवर मात्र ते खरोखर जाते. वेग वाढला की समोरच्या काचेवरचे पाणी खाली ओघळण्याऐवजी वर चढते, कडेच्या खांबाला वळसा घालते आणि दाराच्या काचेवर उतरते. म्हणून गाडीची वळचण घराच्या वळचणीसारखी करून भागत नाही. व्हायझरचे काम दुहेरी आहे: हे वळसा घालून येणारे पाणी फटीवरून मागे वाहून न्यायचे, आणि त्याच फटीतून आतली दमट हवा बाहेर जाऊ द्यायची. गाडीच्या अंगालगत वेगाने सरकणाऱ्या हवेचा दाब आतल्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे वरची फट हवा बाहेर ओढून घेते. वेग आणि दाब यांचे हे नाते डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. घाटात वेग मंद, म्हणून ओढही मंद. तरी पुढच्या काचेवर धरलेली वाफ विरायला तेवढीही मदत करते.

ही सोय तशी नवी नव्हे. ज्यांनी अँबॅसॅडर किंवा पद्मिनी पाहिली आहे त्यांना पुढच्या दारातली ती छोटी त्रिकोणी काच आठवत असेल. ती तिरकी करून वारा हवा तसा वळवता येई. छताच्या कडेने पाणी वाहून नेणारी बारीक पन्हळही तेव्हाच्या गाड्यांना असे. पुढे मोटारींची अंगे गुळगुळीत झाली, एसी आला, आणि बहुतेक गाड्यांतून ही त्रिकोणी काच आणि ती पन्हळ दोन्ही गेल्या. ज्यांना खिडकी उघडी ठेवणे भाग आहे ते आता तीच गरज बाहेरून विकत आणतात.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघे कोल्हापुरात एका दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर चार प्रकार मांडले. पहिला भेद बसण्याच्या पद्धतीचा. एक व्हायझर काच ज्या खाचेत सरकते त्या खाचेतच, रबराच्या आत, स्वतःच्या ताणावर बसतो. त्याला गोंद लागत नाही, तो अंगालगत राहतो, वाऱ्याचा आवाज कमी करतो आणि मूळ गाडीचाच भाग वाटतो. दुसरा दाराच्या चौकटीवर बाहेरून दुहेरी टेपने चिकटवायचा. तो रुंद असतो, अधिक पुढे येतो, अधिक पाऊस अडवतो, पण लावलेला आहे हे दिसते. दुसरा भेद द्रव्याचा. ॲक्रिलिक उन्हात बराच काळ स्वच्छ राहते, पण आघाताने तडकते. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि संरक्षक लेप नसेल तर उन्हाने ते पिवळे पडते. तिसरा भेद रंगाचा: नितळ, धुरकट किंवा जवळजवळ काळा. आणि चौथा खालच्या कडेला चंदेरी क्रोमची रेघ असण्या-नसण्याचा.

भावाची नजर सर्वांत रुंद, काळ्या, क्रोमची रेघ असलेल्या जोडीवर स्थिरावली. मी काही बोलण्यापूर्वीच तो म्हणाला, "दादा, बाजारात माणूस आधी गाडी बघतोय, मग भाडं ठरवतोय." या वाक्यात तथ्य होते. ज्याच्या हातात गाडी हेच भांडवल आहे त्याने ती झळकवावी याला दिखाऊपणा म्हणणे, हे मासिक वेतन घेणाऱ्या माणसाला शोभत नाही. आपण वर्गात अलंकाराला जितक्या झटपट कमी लेखतो तितक्या झटपट तो बाजारात कमी लेखता येत नाही.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त गुण आणि अलंकार यांत जो भेद केला आहे तो तिथे उभ्या उभ्या मला आठवला. शौर्य जसे माणसाच्या आत्म्याचे, तसे गुण रसाचे. अलंकार मात्र गळ्यातल्या हारासारखे, अंगाच्या द्वारे उपकार करणारे, आणि तेही कधी कधीच. हा भेद मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. पण त्या काउंटरवर तो तितकासा उपयोगी पडेना, कारण चारही व्हायझर बाहेरून लावायचेच होते. त्या अर्थाने सगळेच अलंकार. उपयोगी पडला तो अकराव्या शतकातला काश्मिरी क्षेमेंद्र. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर लोक हसतील, असे त्याने 'औचित्यविचारचर्चे'त म्हटले आहे. दागिना वाईट नसतो, त्याची जागा चुकते. तेव्हा प्रश्न 'साधा की शोभिवंत' असा उरला नाही; 'या दारावर, या माणसासाठी, या वाटेवर काय' असा झाला.

आणि त्याचे उत्तर दुकानाबाहेर उभे राहून मिळणारे नव्हते. दुकानदाराकडून खोक्याचा जाड पुठ्ठा मागून घेतला, रुंद व्हायझरच्या आकाराचा कापला आणि खिडकीच्या चौकटीवर तात्पुरता चिकटवला. भावाला त्याच्या जागेवर बसवले. तो उंच आहे, आणि पिकअपची बैठकही उंच. पुठ्ठ्याचे पुढचे टोक चौकटीच्या उतारावरून खाली येत होते ते नेमके त्याच्या डोळ्यांच्या आणि आरशाच्या मधल्या रेषेत. आरशाचा वरचा भाग झाकला जात होता. त्याने मान खाली घालून पाहिले, मग सरळ बसून पाहिले, आणि काही न बोलता खिशातल्या पेनने पुठ्ठ्यावर एक खूण केली: इथपर्यंतच. बाहेरून पाहताना ते टोक सगळ्यांत डौलदार वाटत होते.

रंगाचा निर्णयही त्यानेच केला. गाड्यांच्या पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत होते, आणि काचांवर काळ्या फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली. ते काचेबद्दल आहे, व्हायझरबद्दल नव्हे. पण त्यामागचे कारण दोन्हींना सारखेच लागू होते. मी ते सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "तीन वाजता अंधारच असतोय. त्यात आणि काळं कशाला?" सर्वोच्च न्यायालयापेक्षा हे थोडक्यात होते.

खाचेत बसणारा व्हायझर माझ्या मनात भरला होता. परक्या वस्तूने गोंदाशिवाय, केवळ आपल्या घडणीच्या बळावर मूळ वस्तूत सामावून जावे, यात भाषेच्या शिक्षकाला मोह वाटावा असे बरेच काही आहे. पण ही पिकअप नऊ वर्षांची. काचेचे रबर झिजलेले, हाताने फिरवायची काच वर चढताना आधीच एका बाजूला कलते. त्या खाचेत आणखी एक जाडी घुसवली तर काच अडकण्याचा धोका होता. शिवाय अरुंद व्हायझरखाली आंबोलीच्या तिरप्या पावसात दोन बोटांची फट टिकली नसती. तेव्हा बाहेरून चिकटवायचाच, पण मध्यम रुंदीचा, नितळ ॲक्रिलिकचा, पुढचे टोक आखूड असलेला आणि रेघ नसलेला असा ठरला. चारांपैकी तो दिसायला सर्वांत सामान्य होता. क्रोमचे जे पैसे वाचले त्यांत भावाने रंगाऱ्याकडून मागच्या फाळक्यावर आईचे नाव पिवळ्या-तांबड्या अक्षरांत, पानाफुलांसह, काढून घेतले. तिथे त्याला कोणी अडवण्याचे कारण नव्हते. फाळक्यातून आरपार पाहायचे नसते.

चौकट स्पिरिटने पुसून, कोरडी करून व्हायझर दाबून बसवले. टेपला पुरी पकड यायला सुमारे ७२ तास लागतात, तोवर पाणी लागू द्यायचे नाही, असे दुकानदाराने बजावले होते. वळवाचे दिवस होते. तीन दिवस गाडी गोठ्यालगतच्या शेडमध्ये उभी राहिली आणि तीन दिवसांचे भाडे बुडाले. आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आमच्याकडे रोपलावणीच्या वेळी बायका इरले घेत. बांबूच्या कांबट्यांवर पाने बसवलेले ते आवरण पाठ आणि डोके झाके, पण पुढून उघडे असे, कारण हात मोकळे हवेत आणि समोरचा चिखल दिसायला हवा. छत्रीपेक्षा ते ओबडधोबड. पण वाकून काम करणाऱ्या माणसाचा विचार करून घडलेले. ते कुणी बनवले हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्याच्या शैलीवर कोणी प्रश्नही विचारत नाही. मला आता वाटते, विचारायला हवा. ज्याला आपण निराभरण गद्य म्हणतो, त्यातही कुणाची तरी मान, नजर आणि वाट मोजून झालेली असते. ती मोजणी दिसत नाही म्हणून आपण त्याला शैलीचा अभाव समजतो. आणि काळ्या, रुंद, चंदेरी वाक्यांचा मोह पडतो तेव्हा आरशाचा किती भाग झाकला गेला हे पाहायला आपण आत बसत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. घाटात धो धो होता, फट दोन बोटे उघडी होती, बाही थोडी भिजली. "धबधबा दिसला नाही धुक्यात," तो म्हणाला, "पण रस्त्याकडेला आला तसा ऐकू आला."