सही करण्यापूर्वी

२०१८च्या उन्हाळ्यात मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे इंग्लंडमध्ये, प्लिमथला गेले होते. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, तेव्हा पंचाहत्तरीचे होते. सडसडीत बांधा, ताठ कणा आणि रोज सकाळी समुद्राकाठच्या चढणीवरून कुत्र्याला फिरवून आणण्याचा नेम. त्या वर्षी मात्र ते चढणीच्या मध्यावरच थांबू लागले. पुढे गेलेला कुत्रा मागे वळून त्यांची वाट पाहत उभा राही. "वय झालं," असे म्हणून ते हसत. पुढे बरगडीखाली दुखू लागले, छातीत पाणी झाले. ते दोनदा काढले, पुन्हा भरले. तपासणीसाठी तुकडा काढल्यावर आजाराचे नाव कळले : मेसोथेलिओमा. फुप्फुसावरील आवरणाचा हा कर्करोग. डॉक्टरांनी धूम्रपानाविषयी फारशी चौकशी केली नाही. त्यांनी विचारले, "आयुष्यात कुठे कुठे काम केलंत?"

व्याही १९६० साली, सतराव्या वर्षी, ब्रिटिश नौदलात भरती झाले आणि बावीस वर्षे त्यांनी जहाजांच्या पोटात, बॉयलर व इंजिनांच्या खोल्यांत काढली. वाफेच्या नळांची उष्णता टिकावी म्हणून त्यांवर ॲस्बेस्टॉसचा जाड लेप असे. नळ दुरुस्त करायचा तर आधी तो लेप फोडावा लागे. "पांढरा धुरळा उडायचा. आम्ही पोरं त्या लेपाचे गोळे करून एकमेकांना मारायचो," ते सांगत. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे आत जातात आणि तिथेच रुतून बसतात. आजार दिसू लागण्यास त्यानंतर वीस ते पन्नास वर्षे लागू शकतात. सेवा संपून छत्तीस वर्षे झाल्यावर तिचे देणे असे समोर उभे राहिले.

एके दिवशी ते मला म्हणाले, "माझं एक जहाज तुमच्या ओळखीचं आहे." ते जहाज होते 'हर्मिस'. भारताने ते १९८६ साली विकत घेतले, प्लिमथच्याच डेव्हनपोर्ट गोदीत त्याची डागडुजी झाली आणि १९८७ साली ते 'विराट' या नावाने आपल्या नौदलात दाखल झाले. मुंबईच्या समुद्रात दिव्यांनी उजळलेले 'विराट' मी कितीदा तरी कौतुकाने पाहिले होते. त्याच्या पोटात कोण राबत असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

उपचार सुरू झाले, तसा भरपाईचा विषय लेकीने काढला. व्याह्यांनी तो दोनदा उडवून लावला. "मी लढाईत जखमी झालो नाही. मग युद्धाचं पेन्शन कशाचं मागू?" हा त्यांचा सवाल. तिथल्या योजनेचे नावच 'युद्ध पेन्शन' असल्यामुळे अनेक माजी सैनिकांचा असा समज होतो. प्रत्यक्षात ६ एप्रिल २००५ पूर्वीच्या सैनिकी सेवेमुळे झालेल्या कोणत्याही आजारासाठी किंवा इजेसाठी ती योजना आहे. युद्ध झालेच पाहिजे, असे नाही. अर्जाला मुदत नसते. मात्र पैसे साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मोजले जातात. भिडेपोटी गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

माजी सैनिकांच्या एका संस्थेचे वयस्क स्वयंसेवक घरी आले आणि त्यांनी सारे समजावून सांगितले. १९४७च्या एका कायद्यामुळे सैनिकाला सेवेतील हानीसाठी सरकारवर दावा लावता येत नसे. ती तरतूद मे १९८७मध्ये उठली. पण मागील काळासाठी नाही. म्हणून व्याह्यांसारख्यांना संरक्षण खात्याविरुद्ध न्यायालयाचा मार्ग बंदच होता. नौदल सोडल्यानंतर एखाद्या खासगी कारखान्यात ॲस्बेस्टॉसशी संबंध आला असेल, तर त्या मालकावर दावा करता येतो आणि त्याला आजार कळल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण व्याह्यांनी नंतर टपाल वाटण्याचे काम केले होते. तो प्रश्न तिथेच मिटला.

राहिले दोन पर्याय. पहिला, दर आठवड्याचे करमुक्त युद्ध पेन्शन. दुसरा, १,४०,००० पौंड एकरकमी. हा दुसरा पर्याय एप्रिल २०१६मध्ये आला. त्यापूर्वी मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकाला केवळ पेन्शनच मिळे. या आजारात बरेच रुग्ण निदानानंतर वर्ष-दीड वर्षच काढतात. त्यामुळे त्याच आजाराच्या नागरी कामगाराच्या तुलनेत, विशेषतः एकट्या माजी सैनिकाच्या पदरात फारच थोडे पडे. रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने त्यासाठी मोहीम चालवली आणि हा बदल घडला.

एवढा मोठा आकडा ऐकून सर्वांचे मन एकरकमी रकमेकडे धावले. जावयांनी जिन्याला लावायच्या खुर्चीचा हिशेबही मांडला. स्वयंसेवक शांतपणे म्हणाले, "सही करण्यापूर्वी एक विचारतो. बाईंचं वय काय? त्यांचं स्वतःचं उत्पन्न किती?" खोलीत शांतता पसरली. युद्ध पेन्शन घेणाऱ्याचा मृत्यू सेवेतील आजाराने झाला, तर मागे राहणाऱ्या जोडीदाराला पुढे पेन्शन मिळू शकते. एकरकमी रक्कम घेतल्यास त्या हक्काचे काय होते, हे लेखी विचारूनच निवड करा, असे त्यांनी बजावले.

विहीणबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. "ते गेल्यानंतरचा हिशेब ते असताना करायचा? मला ते जमणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे चुकत होते, असे मला म्हणवेना. आमच्या घरीही हा विषय कधी निघाला नव्हता. माझे यजमान गेले तेव्हा कोणता कागद कोणत्या कपाटात आहे, हेही मला ठाऊक नव्हते. रडू आवरत मी खिडक्या-खिडक्यांतून हिंडले होते. ते सारे मी त्यांना सांगितले. बराच वेळ त्या ओट्याशी उभ्या होत्या. मग बाहेर येऊन यजमानांशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी एकाहत्तर वर्षांची आहे. माझं स्वतःचं पेन्शन फार थोडं आहे." त्यांच्या तोंडून हे ऐकण्यासाठीच जणू व्याही थांबले होते. त्यांनी साप्ताहिक पेन्शनवर खूण केली.

पुराव्याचा प्रश्न उरला होता. सेवा सोडल्यापासून सात वर्षांच्या आत केलेल्या दाव्यात आजाराचा सेवेशी संबंध नाही, हे सरकारने दाखवायचे असते. त्यानंतर मात्र विश्वासार्ह पुरावा अर्जदाराला द्यावा लागतो. रास्त शंका उरल्यास तिचा फायदा त्यालाच मिळतो. नौदलातील नोंदींत जहाजांची नावे व तारखा होत्या. काम नेमके काय होते, ते व्याह्यांनी तीन संध्याकाळी बसून सांगितले आणि लेकीने लिहून घेतले. बॉयलरच्या खोलीत बरोबर काम केलेल्या एका मित्राने पत्र दिले. त्या तीन संध्याकाळी व्याही आजारी दिसत नव्हते.

पुढच्या शरद ऋतूत ते गेले. अशा मृत्यूची खबर तिथे कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला द्यावी लागते. आधी कल्पना असल्यामुळे विहीणबाई त्या चौकशीने बिथरल्या नाहीत. चौकशीचा निष्कर्षही पुढे त्यांच्या पेन्शनच्या कागदांबरोबर जोडला गेला.

आपल्याकडील नियम वेगळे आहेत. परंतु जुन्या जहाजांवर, गोदीत किंवा बॉयलरपाशी उमेदीची वर्षे घालवलेले माजी नौसैनिक कोकणात व मुंबईत घरोघरी आहेत. त्यांपैकी कोणाला धाप लागत असेल, छातीत पाणी होत असेल, तर पूर्वीचे काम डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सेवापुस्तिका, जहाजांची नावे, सोबत्यांचे पत्ते एका फायलीत ठेवावेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा वाद सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे नेता येतो. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. आणि हे सारे पती-पत्नींनी एकत्र बसून करावे.

विहीणबाईंचा आता दर रविवारी फोन येतो. कुत्रा म्हातारा झाला आहे. चढणीच्या मध्यावर तो थांबतो, तेव्हा त्याही थांबतात, असे त्या सांगतात.